इन्व्हर्टर घेण्याआधी बॅटरीची जागा ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिरगाचा पाऊस जवळ आला की आमच्या खानापूर भागात इन्व्हर्टरला गिऱ्हाईक वाढतं. जांबोटी, कणकुंबीकडे एकदा झड लागली की कुठेतरी फांदी तारेवर पडते आणि मग वीज कधी येईल याचा नेम राहत नाही. घरात शिकणारी मुलं असतात, अंथरुणावरचं माणूस असतं, इन्व्हर्टर असलेला बराच. मी स्वतः बॅटऱ्या विकते आणि दुरुस्त करते. वडिलांनी सुरू केलेलं दुकान त्यांच्या माघारी मी चालवते आहे. गिऱ्हाईक येतं ते वॉरंटी किती वर्षांची, पंखे किती तास चालतील, जुनी दिली तर किती कमी कराल, एवढं सगळं विचारतं. बॅटरी घरात ठेवायची कुठे, हे विचारणारा क्वचितच भेटतो. मीच विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "जिन्याखाली जागा हाय की अक्का, कुणाच्या पायात येत न्हाई."

जिन्याखालच्या त्या कोंदट जागेपायीच हे पत्र लिहिते आहे.

शिसं आणि ॲसिडची बॅटरी फार जुनी आहे. गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ साली तयार केली. आज आपल्या इन्व्हर्टरमध्ये, ट्रॅक्टरमध्ये, पाठीवरच्या फवारणी पंपात आतलं काम तेच चालतं. शिशाच्या प्लेटा आणि पाण्यात मिसळलेलं गंधकाचं ॲसिड. बारा व्होल्टच्या बॅटरीत असे सहा सेल. चार्जिंगला लावली की सुरुवातीला वीज प्लेटांत मुरते. बॅटरी भरत आली, एकेका सेलवर साधारण २.४ व्होल्ट चढले, म्हणजे सबंध बॅटरीवर १४.४ झाले, की पुढची वीज पाणी फोडायला लागते. पाण्याचा हायड्रोजन होतो आणि ऑक्सिजन होतो, आणि दोन्ही बुचातून बाहेर पडतात. आमच्या धंद्यात याला 'बॅटरी उकळायला लागली' म्हणतात. ती प्रत्येक वेळी तापलेली असतेच असं नाही, बुडबुडे वायूचे असतात. ट्यूब्युलर म्हणजे नळीच्या आकाराच्या प्लेटांची बॅटरी थोडी उकळावीच लागते, त्याशिवाय आतलं ॲसिड नीट ढवळलं जात नाही आणि ती पूर्ण भरत नाही. तेव्हा वायू होणं हा बिघाड नव्हे. तो कुठे जातो, हे पाहायचं असतं.

हायड्रोजनला रंग नाही आणि वासही नाही. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की तो पेटू शकतो आणि ७५ टक्क्यांपर्यंत पेटू शकतो. त्याला लागणारी ठिणगी इतकी बारीक असते की थंडीत स्वेटर काढताना जो चटचट आवाज येतो तेवढीही पुरे होते. दिव्याचं बटण, फ्रिजचा आपोआप चालू-बंद होणारा स्विच, ढिल्या टर्मिनलवरची चर्रचर्र, देवापुढची निरांजन, मग तर काय विचारायचं.

किती वायू होतो याचा हिशेब अवघड नाही. बॅटरी भरल्यावर एक ॲम्पिअर वीज तासभर जात राहिली तर एका सेलमधून साधारण ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. घरोघरी असते तशी १५० एएचची (ॲम्पिअर-तासांची) बॅटरी घ्या. चार्जिंग १५ ॲम्पिअरने चाललंय आणि बॅटरी भरूनही तो प्रवाह कमी झाला नाही, तर सहा सेल मिळून तासाला जवळजवळ ३८ लिटर हायड्रोजन. आता जिन्याखालचं दार लावलेलं कपाट तीन फूट लांब, तीन फूट रुंद, पाच फूट उंच धरा. त्यात हवा मावते सुमारे १२७५ लिटर. त्याचे ४ टक्के म्हणजे ५१ लिटर. दीड तास पुरा व्हायच्या आत ती जागा पेटायच्या हद्दीत येते. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका, वर जाऊन कोपऱ्यात आधी साठतो, म्हणून वरच्या बाजूला त्याहूनही लवकर.

चांगला इन्व्हर्टर असं होऊ देत नाही हे मला ठाऊक आहे. बॅटरी भरत आली की तो प्रवाह उतरवत आणतो, शेवटी एखाद्या ॲम्पिअरवर किंवा त्याच्याही खाली. पण माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्यांतल्या कितीतरी इन्व्हर्टरांच्या मागचं बटण चुकीच्या खुणेवर असतं. ट्यूब्युलर, फ्लॅट (सपाट प्लेटांची) आणि सीलबंद अशा खुणा तिथे असतात, आणि बॅटरी बदलताना त्याकडे कुणी बघितलेलं नसतं. दुसरं म्हणजे जुन्या बॅटरीचा एक सेल आतल्या आत शॉर्ट होतो. मग बॅटरी उरते पाच सेलची, पण इन्व्हर्टर तिला सहाच समजून १४ व्होल्ट देत राहतो. उरलेल्या पाचांच्या वाट्याला प्रत्येकी २.८ व्होल्ट येतात. ते पाच रात्रंदिवस उकळत राहतात, बॅटरी हाताला गरम लागते, पाणी आठवड्यात खाली जातं, आणि इन्व्हर्टरला मात्र ती भरली असं कधी वाटतच नाही. 'पाणी लई खातीया' म्हणून ज्या बॅटऱ्या येतात त्यांत हा दोष बऱ्याचदा सापडतो. चार्जिंगला असताना एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा गरम लागली तर ती चार्जिंगवरून काढा आणि दाखवून घ्या. आणखी एक मोसम ओढायला जाऊ नका.

पावसाळ्यात ही सगळी गोष्ट उलटी फिरते आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. वीज सगळ्यात जास्त जाते ती जून-जुलैत. म्हणजे बॅटरी तळाला जाते ती तेव्हाच, आणि वीज आली की तासन्‌तास चार्जिंग चालतं तेही तेव्हाच. आणि बरोबर त्याच दिवसांत आपण घर बंद करून घेतो. पश्चिमेच्या खिडक्यांना ताडपत्री बांधतो, पडवीला प्लास्टिक लावतो, झड आत येऊ नये म्हणून भोकसुद्धा बुजवतो. वायू सगळ्यात जास्त आणि वारा सगळ्यात कमी, असे हे दोन महिने. त्यात न्हाणीतली चूल दिवसभर धुमसत असते. एका घरी मी बॅटरी बघायला गेले तर ती न्हाणीच्या भिंतीला टेकवून माजघरात ठेवलेली, वर वाळत घातलेली धुणी, खाली बॅटरी, भिंतीपलीकडे चुलीचा जाळ. ती जागा का निवडली, तर तिथे उबदार असतं आणि बॅटरीला ओल लागत नाही. माणसांनी काळजीनेच केलेलं होतं ते. ओल बॅटरीला फारशी बाधत नाही, कोंडलेला वायू बाधतो. बॅटरी आम्ही दुसऱ्या बाजूच्या पडवीत हलवली आणि वर पत्र्याचा आडोसा केला.

वडिलांच्या काळी बॅटरी चार्ज करायची तर ती दुकानातच आणावी लागे. ट्रॅक्टरवाले आणायचे, लग्नातले लाऊडस्पीकरवाले आणायचे. आमची चार्जिंगची शेड तीन बाजूंनी जाळीची होती, छपराखाली वितभर मोकळी फट होती, आणि त्या शेडमध्ये विडी ओढायला कुणाला मुभा नव्हती, मग तो कितीही जुना गिऱ्हाईक असो. चिमटे लावताना आधी चार्जर बंद, काढतानाही आधी चार्जर बंद. आता तेच काम घराघरांत आलं आहे, सोप्यात, माजघरात, झोपायच्या खोलीत. ती मोकळी फट आणि विडीवरची ती बंदी मात्र बरोबर आलेली नाही. विकणाऱ्यांनी ती घरापर्यंत पोचवायला हवी होती. मी हे माझ्या धंद्यातल्या सगळ्यांना उद्देशून लिहिते आहे.

देवघराबद्दल विशेष लिहायचं आहे. नव्या घरांत देव्हारा ओट्यावर असतो आणि त्या ओट्याखाली कपाट असतं. ते कपाट बॅटरीच्या मापाचं असल्याने पुष्कळ जण बॅटरी तिथेच ठेवतात. वर निरांजन, उदबत्ती, कापूर. गणपतीत तर सोप्यातल्या बॅटरीभोवती सजावटीचा पडदा सोडतात, कारण ती दिसायला बरी दिसत नाही, आणि त्या पडद्यापुढे समई जळत असते. गौरी-गणपतीच्या दिवसांत बॅटरी हलवणं शक्य नसेल तर आरास दुसऱ्या भिंतीला करा. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात घरातच माग आहेत. तिथे सुताचा भुरका सगळीकडे उडून बसतो, बॅटरीच्या टर्मिनलवरही. तो झाडून ठेवायला हवा आणि बॅटरी मागाच्या खोलीत ठेवूच नये.

शेतकऱ्यांच्या बॅटरीबद्दल वर्तमानपत्रांत कधी काही वाचायला मिळत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. खानापूर तालुक्यात रानडुकरं आहेत, गवे आहेत, हत्तीही येतात. भात आणि ऊस राखायला शेतकरी कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं झटका मशीन लावतात. (मशीनचा झटका क्षणभराचा असतो. कुंपणात घरची वीज थेट सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात, ते कुणीही कधीही करू नये.) या मशीनची बारा व्होल्टची बॅटरी उतरली की दुचाकीवर पायाजवळ ठेवून घरी येते आणि रात्री चार्जिंगला लागते. कुठे लागते? तर भाताच्या कणगीशेजारी, नाहीतर पिंजराच्या गंजीला टेकून, कारण बोर्ड तिथे असतो. चार्जर बहुतेक वेळा साधा, बॅटरी भरली तरी आपण होऊन बंद न होणारा. अर्धी उतरलेली ८० एएचची बॅटरी ५ ॲम्पिअरच्या चार्जरवर आठ-दहा तासांत भरते. ती सकाळी काढायची असते. पण सकाळी धारा असतात, शेत असतं, आणि बॅटरी दुसऱ्या सकाळपर्यंत उकळत राहते.

आमच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी असं झालं. ट्रॅक्टरची बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती. सकाळी त्याने चार्जर बंद न करता चिमटा ओढला. ठिणगी टर्मिनलवरच पडली, आणि बॅटरीच्या पोटात पाण्याच्या वर जी मोकळी जागा असते तिथे वायू भरलेलाच असतो, तो पेटला. झाकण फाटून उडालं, ॲसिड तोंडावर आणि डोळ्यांत गेलं. बाकी खोलीला काही झालं नाही. खोली कितीही मोकळी असली तरी बॅटरीच्या आतली ती जागा कायम धोक्याची असते, हे यावरून समजून घ्यावं. त्याचे डोळे वाचले ते बायकोमुळे. शेजारच्या कुणी म्हणालं दूध घाल, कुणी म्हणालं खायचा सोडा लाव, कुणी खोबरेल तेल घेऊन आलं. तिने कुणाचंही ऐकलं नाही. न्हाणीतल्या हंड्यातलं थंड पाणी तांब्या-तांब्याने, पापण्या बोटांनी उघड्या धरून, गाडी येईपर्यंत ओतत राहिली. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यांत गेलं तर हाच उपाय आहे : लगेच साधं स्वच्छ पाणी, निदान वीस मिनिटं, भिजलेले कपडे काढून टाकायचे, आणि मग डॉक्टर. सोडा फक्त फरशीवर सांडलेल्या ॲसिडसाठी.

पाण्याची पातळी खाली गेलेली बॅटरी दुप्पट धोक्याची कशी, तेही यातून लक्षात येईल. पाणी जितकं खाली, तितकी वरची वायूची जागा मोठी. शिवाय प्लेटा जोडणारी शिशाची पट्टी उघडी पडते, तिथे सांधा कच्चा असेल तर ठिणगी आतल्या आतच पडते. बाहेर कुणी काहीही केलेलं नसताना बॅटरी फुटली असं लोक सांगतात, त्यामागे हे कारण असू शकतं. म्हणून पाणी बघणं हे बॅटरीचं आयुष्य वाढवण्याच्याही आधी घरच्यांच्या जिवाचं काम आहे.

आणि हे काम घरात कोण करतं? बायका करतात. पुरुष बेळगावला कामाला, गोव्याला कामाला, नाहीतर शेतात. पाण्याची पातळी दाखवणारा बॅटरीचा लाल फ्लोट खाली गेलेला घरधनिणीला दिसतो, डिस्टिल वॉटरची बाटली तीच आणते, बूच तीच उघडते. पण दुकानात माहिती दिली जाते पुरुषाला, आणि बसवायला आलेला मेकॅनिकही त्यालाच सांगून जातो. म्हणून माझ्या भगिनींना मी इथे थेट सांगते. बॅटरीवर वाकण्याआधी मंगळसूत्र पदराच्या आत खोचा किंवा काढून ठेवा. सोन्याच्या पाटल्या, अंगठी, घड्याळ काढा. काचेच्या बांगड्यांचं भय नाही, काचेतून वीज जात नाही. लोंबणारी साखळी एकाच वेळी दोन्ही टर्मिनलना लागली तर बारा व्होल्टचा धक्का बसत नाही हे खरं, पण त्या साखळीतून शेकडो ॲम्पिअर प्रवाह जातो, ती क्षणात लाल होते आणि गळ्यातच असते. लांब केस बांधा, डोळ्यांना साधा चष्मा तरी असू द्या. पाणी घालताना इन्व्हर्टरचं चार्जिंग बंद करा आणि थोडा वेळ थांबून मग बूच उघडा. पाणी चार्जिंग पुरं झाल्यावर घालावं, कारण चार्जिंगमध्ये पातळी चढते आणि आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढं आधी घालून मग चार्जिंग. आत बघायला मोबाईलचा टॉर्च लावा. मेणबत्ती किंवा काडी पेटवून बघू नका, अंधार असला तरी.

पाणी डिस्टिलच हवं. कौलावरून पागोळ्यांचं धरलेलं पाणी दिसायला निवळ असतं, पण त्यात कौलावरची धूळमाती येते. आमच्याकडच्या जांभ्या दगडातल्या विहिरींच्या पाण्यात लोह असतं, त्याने बॅटरी नुसती ठेवली तरी उतरत जाते. फिल्टरचं प्यायचं पाणी म्हणजे डिस्टिल नव्हे. आणि ॲसिड तर घरात कधीच घालायचं नसतं. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. 'पॉवर कमी झाली, ॲसिड बदलून देतो' म्हणत दारावर येणाऱ्याला परत पाठवा. ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, मोजल्याशिवाय कुणी ॲसिडला हात लावू नये. भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीची ग्रॅव्हिटी साधारण १२४० असते, नेमका आकडा बॅटरीसोबतच्या कागदावर दिलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. तरी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं ॲसिड मी घरांच्या फळीवर बघितलेलं आहे, मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. ते पाहिलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

सीलबंद बॅटरीतून वायू येत नाही, हा समजही खोडून काढायला हवा. फवारणी पंपात असते ती १२ व्होल्ट ८ एएचची बॅटरी सीलबंद असते. नीट चार्ज झाली तर तिच्यातला वायू आतच पुन्हा पाणी होतो, हे खरं. पण चार्जर चुकीचा असेल किंवा दोन दोन दिवस लावून ठेवला तर आतला दाब वाढून तिची झडप उघडते आणि वायू बाहेर येतोच. बाजू फुगलेली सीलबंद बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही. पंपासोबत आलेलाच चार्जर वापरा. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा मोठा चार्जर तिला लावू नका.

एक वास मात्र ओळखून ठेवा, कुजलेल्या अंड्याचा. सेल खराब होऊन बॅटरी फार तापली की ॲसिडपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तो विषारी आहे. लोकांना वाटतं सिलिंडर गळतोय, आणि ते स्वयंपाकघरात नळी तपासत बसतात. तो वास थोड्या वेळाने येईनासा वाटतो तेव्हा धोका टळला असं समजू नये, कारण या वायूने नाकच बधिर होतं. अशा वेळी दोन्हीपैकी कोणता वायू आहे याचा शोध घेत बसू नका. दारं-खिडक्या उघडा, लहान-थोरांना बाहेर काढा, त्या खोलीतल्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, आणि बाहेर पडवीत मेन असेल तर तिथून वीज तोडा. बॅटरी गार झाल्याशिवाय आत जाऊन तिची वायर सोडवायला जाऊ नये.

आता मूळ मुद्द्याकडे येते, जागेकडे. बेळगाव शहरात आणि आसपास, हिंडलगा, कंग्राळी, मच्छे बाजूला घरं झपाट्याने होत आहेत. ठेकेदार प्लॅनमध्येच जिन्याखाली 'इन्व्हर्टरची जागा' दाखवतो आणि त्याला दार लावून देतो. त्या दाराऐवजी जाळी लावली तर किती खर्च येणार आहे? बॅटरीच्या खोलीला किती वारा लागतो याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्याचं सूत्र सोपं आहे. वर मी सांगितली तशी वाईटात वाईट स्थिती धरली, १५० एएच, सहा सेल, १५ ॲम्पिअर न उतरता चालू, तरी पाचपट सुरक्षितता धरून तासाला साडेचार घनमीटर हवा बदलली की पुरे. त्याला समोरासमोरच्या भिंतींत साडेचार इंच लांबी-रुंदीची दोन भोकं लागतात, एक जमिनीलगत आणि एक छताला लागून. बस, एवढंच. आपण सहा इंची जाळ्या बसवू, म्हणजे कोळिष्टकं धरली तरी वारा राहील. वरचं भोक छतापासून फूटभर खाली असलं तर उपयोग नाही, वायू त्याच्या वरच साठून राहतो. आणि ते दुसऱ्या खोलीत नको, बाहेर उघडायला हवं. जिन्याखालीच ठेवायची तर अशी ठेवा, माझी हरकत नाही. त्याहून बरी म्हणजे पडवी, गॅलरी, परसदारची आडोशाची जागा. झोपायची खोली, माळा आणि गॅस सिलिंडरची जागा नको म्हणजे नकोच. सिलिंडरचा वायू जड, तो खाली बसतो आणि हायड्रोजन वर जातो, एका खोलीत दोन्ही असतील तर एक खिडकी दोघांना पुरत नाही.

ट्रॉलीबद्दलही सांगते. दुकानात मिळणाऱ्या ट्रॉलीत खाली बॅटरी आणि बरोबर तिच्या डोक्यावर इन्व्हर्टर असतो. वर चढणारा वायू आणि ॲसिडची वाफ थेट इन्व्हर्टरच्या पोटात जाते, जिथे रिले, म्हणजे आपोआप चालणारे स्विच, टकटक उघडमीट करत असतात. मी माझ्या गिऱ्हाइकांना इन्व्हर्टर बाजूच्या भिंतीवर फळी मारून ठेवायला सांगते. वायर थोडी जास्त लागते.

विक्रेत्यांना माझी विनंती आहे की पैसे घेण्याआधी घरी जाऊन जागा बघावी, आणि ज्या बाईला पाणी घालायचं आहे तिला समोर बसवून एकदा पाणी घालून दाखवावं. माझ्या बघण्यात येणारी माहितीपत्रकं बारीक इंग्रजीत आणि हिंदीत असतात, ती पिशवीतच राहतात. मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून त्या बॅटरीशेजारच्या भिंतीला चिकटवणं कुठल्याही दुकानदाराला जमण्यासारखं आहे. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, तो ॲसिड गटारात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवलं जातं. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे नवी घेताना जुनी दुकानातच द्या. आणि संपादक महोदय, आपल्याला विनंती अशी की जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्या दैनिकात यातलं जेवढं योग्य वाटेल तेवढं एका चौकटीत छापावं. लोक असा कागद कापून ठेवतात, हे मी घराघरांत पाहिलं आहे.

जाळ्यांची मापं आणि त्या भिंतीत कुठे बसवायच्या याचं रेखाटन मी दुकानात करून ठेवलं आहे. गवंड्याला दाखवायला ते कुणीही घेऊन जावं. बॅटरी आमच्याकडून घेतलेली असली पाहिजे असं नाही.

आपली विश्वासू,
एक बॅटरी दुकानदार,
खानापूर, जि. बेळगाव